मुक्कामी असणं

आपल्याकडे गावचा पत्ता 'मु. पो.' या दोन अक्षरांनी सुरू होतो. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, मग तालुका, मग जिल्हा. 'मुक्काम' हा शब्द मूळचा अरबी, थांबण्याच्या जागेचा. मराठीत त्याला तात्पुरतेपणाचा वास आहे. पालखीचा मुक्काम असतो, लग्नाला आलेल्या पाहुण्यांचा मुक्काम असतो, रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे निघून जाणारी एसटी 'मुक्कामी गाडी' असते. तरीही ज्या घरात सात पिढ्या गेल्या, त्या घराच्या पत्त्यातही आपण 'मुक्काम'च लिहितो. पत्ता पोस्टमनसाठी असतो. माणूस मूळचा कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, सध्या कुठे सापडेल एवढंच त्याला हवं असतं.

हा शब्द माझ्या डोक्यात घोळायला लागला तो शिक्षकांमुळे. मी राळेगावचा. आमच्या भागात शिक्षकांचे दोन प्रकार सांगितले जातात, अपडाऊनवाले आणि मुक्कामी. नवे सर रुजू झाले की गावाचा पहिला प्रश्न त्यांच्या डिग्रीबद्दल नसतो. 'सर इथंच रायते का?' हा असतो. अपडाऊनवाले यवतमाळहून कळंबमार्गे येतात, वर्ध्याहून येतात, हिंगणघाटहून येतात आणि शाळा सुटली की परतीची गाडी गाठतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मुख्यालयी राहावं अशी अट आहे, तिला घरभाडे भत्ता जोडलेला आहे, राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत गोष्टी गेल्या आहेत. २०२२ मध्ये हा विषय विधानसभेत निघाला आणि राज्यभर वाद पेटला. पण तो वाद झाला भत्त्याचा, खोट्या दाखल्यांचा आणि शिक्षकांच्या अपमानाचा. त्याच्या खाली एक साधा नैतिक प्रश्न होता आणि तो तसाच राहिला. ज्या गावात शिकवायचं त्या गावात राहणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे का? असेल, तर नेमकं कशासाठी?

हा प्रश्न स्वच्छ दिसावा म्हणून, ज्यांना संध्याकाळची गाडी पकडून घरी जाणं शक्यच नव्हतं अशा शिक्षकांकडे मला आधी पाहायचं आहे. म्हणजे परक्या देशात जाऊन, तिथेच खोली घेऊन, तिथल्या रस्त्यांवर हिंडत शिकवणाऱ्यांकडे.

*

परदेशी शिक्षकाचं रोजचं आयुष्य विचित्र असतं. वर्गात तो सगळ्यात जाणता माणूस असतो. त्याच्याजवळ असं काहीतरी आहे जे त्या शहरात दुसऱ्या कोणाजवळ नाही, म्हणून तर त्याला बोलावलेलं असतं. वर्गाचं दार ओढून तो रस्त्यावर आला की त्याच शहरातला सगळ्यात अडाणी माणूस होतो. कोणत्या दुकानात काय मिळतं, सुट्टे पैसे कसे मोजायचे, शेजाऱ्याला नमस्कार किती अंतरावरून करायचा, पाव शिळा आहे हे कसं ओळखायचं, हे त्या गावातल्या आठ वर्षांच्या पोरालाही त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. एकाच दिवसात एकच माणूस गुरूही असतो आणि बिगरीतला विद्यार्थीही. ज्याला हे जमत नाही तो वर्ग ते खोली आणि खोली ते वर्ग एवढंच शहर स्वतःपुरतं ठेवतो.

धर्मानंद कोसंबी यांचं आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा. शाळेचं शिक्षण मराठी प्राथमिकपुरतंच. १८९९ च्या अखेरीस बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून हा माणूस घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी असं करत, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकत, पुढे नेपाळ, बोधगया, तिथून सिलोन, तिथून ब्रह्मदेश. बराचसा प्रवास पायी किंवा दुसऱ्याच्या दयेवर. पायाला अशी भिंगरी लागलेला हा माणूस १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पोचला, तो पालीचा जाणकार म्हणून. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम हाती घेतलं होतं आणि ते अर्धवट टाकून तो १८९९ मध्येच, म्हणजे कोसंबींनी घर सोडलं त्याच वर्षी, वारला होता. ते काम पुरं करायला कोसंबींना बोलावण्यात आलं.

म्हणजे गोव्याच्या खेड्यातला, इंग्रजी उशिरा शिकलेला एक माणूस हार्वर्डच्या प्राध्यापकांना पाली ग्रंथाचा पाठ कोणता बरोबर आणि कोणता चूक हे सांगत होता. करार होता तो एवढ्याच कामाचा. पण त्या वर्षांत कोसंबी अमेरिकेकडून जे शिकले ते कराराच्या बाहेरचं होतं. समाजवादाकडे त्यांचं लक्ष वळलं ते तिथेच. त्या श्रीमंत देशात मजूर कसे राहतात, मोठे भांडवलदार बाजार कसा ताब्यात घेतात, त्याला विरोध करणारे काय लिहितात, याबद्दल ते वाचायला लागले आणि बुद्धाच्या करुणेला पोटापाण्याच्या प्रश्नाशी जोडून बघण्याची त्यांची सवय पुढे आयुष्यभर टिकली. १९२९ मध्ये ते शिकवण्यासाठी लेनिनग्राडला गेले, १९३० मध्ये परतले आणि त्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहात उतरले. पालीचा अभ्यासक असलेला दुसरा एखादा माणूस याच शहरांत राहून, ग्रंथालयातून खोलीवर आणि खोलीतून ग्रंथालयात जाऊन, पालीचा अभ्यासक म्हणूनच परतला असता. त्याला कोणी नावंही ठेवली नसती.

यजमान देशानेही कोसंबींना एक धडा दिला. संपादनाचं श्रेय कोणाला किती, यावरून हार्वर्डचे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. त्यानंतरही ते आणखी काही वेळा त्या कामासाठी अमेरिकेला गेले. हार्वर्डची ती आवृत्ती छापून बाहेर आली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. दरम्यान १९४० मध्ये मुंबईहून त्यांनी स्वतः त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती काढली होती. परक्या शिक्षकाच्या ज्ञानाची गरज असणं वेगळं आणि त्याला बरोबरीचा मानणं वेगळं, हे त्यांना हार्वर्डमध्ये बघायला मिळालं.

इथे थांबून एक हिशेब मांडायला हवा, कारण भटकंतीचं कौतुक करणाऱ्या लेखांत तो बहुतेक वेळा राहून जातो. १८९९ मध्ये कोसंबींनी घर सोडलं तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई मागे राहिल्या होत्या, काही महिन्यांची मुलगी माणिक हिच्यासह. पुढे त्यांनी संसार पुन्हा उभा केला, १९१८ मध्ये माणिक आणि दामोदर या मुलांना अमेरिकेला सोबतही नेलं. पण मधली वर्षं कोणीतरी त्या घरात काढली. पुरुषाच्या पायातली भिंगरी फिरते तेव्हा कोणीतरी जात्याचा खुंटा धरून बसलेलं असतं. शिक्षकाने गावात राहावं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या घरी कोण राहतं आणि कशाच्या बदल्यात, हा प्रश्न त्या मागणीत आधीपासूनच असतो.

*

रस्त्यावर हिंडण्याचा हक्कही सगळ्यांना सारखा मिळत नाही. कोसंबींच्या सत्तावीस वर्षं आधी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. पती वारलेले, सोबत दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही, त्यांना ऐकू कमी येत होतं. परका देश, परकी भाषा आणि अधू कान, अशा अवस्थेत १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या आणि तिथेच स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत होत्या. एकाच इमारतीत शिक्षिका आणि विद्यार्थिनी.

इंग्लंडमध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यामुळे त्यांच्याकडे पाहण्याची यजमानांची नजर दुहेरी होती. विद्वान म्हणून आदर आणि नवख्या धर्मकन्येकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा. रमाबाईंना ते जमण्यासारखं नव्हतं. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, आमच्या संस्कृतात का नकोत, असा वाद त्यांनी घातला. मग प्रश्न आला शिकवण्याचा. रमाबाईंनी मुलींबरोबर तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात परतल्यावर रमाबाईंचं वजन राहणार नाही, तिथल्या लोकांना ते रुचणार नाही. यावर रमाबाईंनी जे कळवलं त्याचा आशय असा होता: माझी आई तरुण मुलांना शिकवत असे, मीही शिकवलं आहे, त्याला ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्याने, आणि ती घेत आहेत इंग्रज माणसं, याचं मला नवल वाटतं.

हा प्रसंग मला या विषयाच्या गाभ्याशी वाटतो. परका शिक्षक गावात राहतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. तो गावाचे नियम शिकतो, हे तर उघडच आहे. पण गावालाही आपले नियम उच्चारून सांगावे लागतात. जे नियम सगळ्यांना ठाऊक असतात ते कोणी बोलत नाही. नवखा माणूस त्यांना धडकला की ते बोलावे लागतात आणि बोलले की ते किती पोकळ आहेत ते ऐकू येतं. रमाबाई चार दिवस व्याख्यानाला येऊन गेल्या असत्या तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि हा वाद झालाच नसता. त्या राहिल्या, म्हणून तो झाला. नंतर त्या अमेरिकेला गेल्या, तिथल्या समाजाकडे याच चौकस नजरेने पाहिलं, १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन उघडलं. परदेशात परकी शिक्षिका म्हणून जे काही अंगावर आलं ते त्यांनी घरी आल्यावर वाया जाऊ दिलं नाही.

*

आतापर्यंतच्या लिखाणावरून वाटेल, की राहणं आपोआप माणसाला शिकवतं. तसं नाही. ब्रिटिश अधिकारी या देशात तीस-तीस वर्षं राहिले. सिव्हिल लाइन्समध्ये राहिले, खानसाम्याशी हुकुमाची चार वाक्यं बोलण्यापुरती भाषा शिकले आणि पेन्शन घेऊन परत गेले. आज माझे कित्येक मित्र परदेशांत आहेत. काही जण दहा वर्षं एकाच शहरात राहून तिथलं भारतीय किराणा दुकान, गणेशोत्सवाचा हॉल आणि ऑफिस एवढंच ओळखतात. त्यांना दोष देण्याचं मला कारण नाही, ते तिथे कोणाला शिकवायला गेलेले नाहीत. पण रात्री मोजून मुक्काम मोजता येत नाही, एवढं त्यावरून दिसतं.

मग कशाने मोजायचा? मला वाटतं, तुम्ही एखाद्या गावी मुक्कामी आहात याची खूण अशी: तुमचं चुकलं तर ते तुम्हाला सांगू शकेल असं कोणीतरी त्या गावात आहे, आणि त्याने सांगितलेलं तुमच्यापर्यंत पोचतं. भाजीवाली तुमचा उच्चार सुधारते, शेजारची म्हातारी तुम्ही चप्पल कुठे काढायला हवी होती ते सांगते, विद्यार्थ्याचा बाप 'तसं नाही मास्तर' म्हणतो आणि तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागतं. सिव्हिल लाइन्समधल्या साहेबाला असं सांगू शकणारं कोणीच नव्हतं. चेल्टनहॅममध्ये रमाबाईंना सांगणारे पुष्कळ होते, आणि त्या उलट सांगत होत्या, म्हणून दोन्ही बाजू काहीतरी शिकल्या.

महाराष्ट्रात याची उलट्या दिशेची उदाहरणं आहेत. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. फलटण गावात लोक किती तऱ्हांनी मराठी बोलतात हा त्यांच्या पीएचडीचा विषय होता. म्हणजे गावाला काही शिकवण्याआधी त्यांनी गाव कसं बोलतं ते कान देऊन ऐकलं होतं. कोणत्या घरात कोणतं रूप वापरतात, कोणाच्या बोलण्याला कोण हसतं, हे ज्याने वर्षानुवर्षं टिपलं आहे त्याला वर्गातल्या पोराचं 'अशुद्ध' बोलणं अशुद्ध वाटू शकत नाही. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाचीच ठेवली. आपल्याच भाषेच्या शाळेवरचा आपला विश्वास डळमळीत होत असताना एका अमेरिकन बाईने तो धरून ठेवावा, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

दुसरं उदाहरण तर राळेगावच्या शेजारचं, वर्धा नदीच्या पलीकडचं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीमची कल्पना पुढे आली. हाताने काही घडवत शिकायचं, गावच्या कामातून गणित आणि भूगोल काढायचा. ही कल्पना सेवाग्रामला राबवणाऱ्यांत पुढे होते आर्यनायकम. ते मूळचे सिलोनचे तमिळ, शांतिनिकेतनमार्गे आलेले. त्यांच्या जोडीला पत्नी आशादेवी. स्वातंत्र्यानंतर तिथे शिक्षकांना शिकवायला आल्या त्या मार्जरी साइक्स, १९२८ मध्ये मद्रासला शाळेत शिकवायला आलेल्या इंग्रज बाई. चरखा, शेण, विहीर, कापूस यांतून शिकवायचं म्हटलं की परक्या शिक्षकाला आधी गावातल्या माणसाकडून ती कामं शिकावी लागतात. म्हणजे त्या पद्धतीत शिक्षकाने गावासमोर अडाणी ठरणं हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. सेवाग्रामचं आधीचं नाव शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. जगभरची पत्रं या एवढ्याशा खेड्याच्या पत्त्यावर येत होती, आणि तिथे शिकवणारे दूरदूरचे लोक तिथेच राहत होते.

*

आता नदी ओलांडून अलीकडे यावं. आमच्या तालुक्यात शिकवायला येणाऱ्या शिक्षकाला कोणी परदेशी म्हणणार नाही. तो मराठीच असतो, महाराष्ट्रातलाच असतो. पण पुस्तकात 'बांध' असतो आणि आमच्याकडे 'धुरा' असतो. पुस्तकातली 'धुरा' सांभाळायची असते, एखाद्या संस्थेची किंवा घराची. आमच्या पोरांना धुरा म्हणजे दोन वावरांमधली ती जागा, जिच्यावरून भाऊ भावाच्या जिवावर उठतो. 'शिवरायांनी स्वराज्याची धुरा सांभाळली' हे वाक्य वाचताना वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहत असेल, हे ज्या सरांनी कधी पऱ्हाटीच्या वावरात पाय ठेवलेला नाही त्यांना कळायला मार्ग नाही. चुकीचं काही शिकवलेलं नसतं. फक्त शिकवलेलं आणि शिकलेलं यांच्यात एक धुरा राहतो आणि तो त्यांना दिसत नाही.

आणखी आत, कोलाम पोडांवर गेलं की हे अंतर फार वाढतं. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं शेजारपणाचं. पहिलीतलं कोलाम मूल शाळेत येतं तेव्हा समोरचा माणूस त्याच्यासाठी अक्षरशः परदेशी शिक्षक असतो. किंवा उलटं म्हणू: शिक्षक आपल्याच जिल्ह्यात चाळीस किलोमीटरवर आलेला असतो आणि परदेशात शिकवत असतो, पण त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. हार्वर्डला पोचलेल्या कोसंबींना आपण परके आहोत हे घडोघडी कळत होतं. पोडावरच्या शिक्षकाला ते कळण्याची सोय नाही, कारण त्याच्याजवळ सरकारची भाषा आहे आणि संध्याकाळची गाडी आहे. परकेपणाची जाणीव मुलाच्या वाट्याला येते. सहा वर्षांचं पोर एकटंच तो भार उचलतं आणि आपण त्याला 'गळती' म्हणतो.

यावर अट हा उपाय आहे का? मला तसं वाटत नाही, आणि शिक्षकांची बाजू इथे मांडायला हवी. गावात भाड्याने मिळण्याजोगं घर नसतं. असलं तर त्यात संडास नसतो. नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या तालुक्यात नोकरीला असते. त्यांच्या स्वतःच्या मुलांची शाळा असते, म्हाताऱ्या आईचा दवाखाना असतो. एकट्या शिक्षिकेला गावात राहणं किती अवघड जातं हे सगळ्यांना माहीत आहे. बाळाबाईंची आठवण इथे ठेवायला हवी. कोणा एकाच्या नैतिकतेची किंमत दुसऱ्या कोणी न विचारता भरावी, ही मागणी योग्य नाही. शिवाय अट मोजते ती रात्र. रात्री गाव झोपलेलं असतं. दार लावून घेतलेला मुक्कामी शिक्षक गावाला जितका परका, तितकाच अपडाऊनवालाही.

माझ्या मते, शिक्षकाचं गावाला जे देणं लागतं ते निवासाचं नसून हिंडण्याचं आहे. आठवड्यातून एकदा दिवसाउजेडी त्याने शाळेच्या आवाराबाहेर पडावं. बाजारात जावं, वेचाईच्या दिवसांत वावरात जावं, पोडावरच्या एखाद्या ओट्यावर बसावं आणि ज्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत त्या तिथल्या माणसांना विचाराव्यात. 'याले तुम्ही काय म्हणता?' हा एक प्रश्न पुरे. पोराने आपल्या मास्तरला आपल्या आजीकडून एखादा शब्द शिकताना पाहिलं पाहिजे. ज्याला आपल्या घरातलं काहीतरी मास्तरांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते विचारून घेतलं, हे पाहायला मिळालं, त्या मुलाला न येणं ही लाजेची गोष्ट वाटत नाही. शिकण्याची सुरुवात तिथे होते.

यात माझा स्वतःचाही प्रश्न अडकलेला आहे. मी पुण्यात बसून ज्या लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो त्यांच्या शहरांत मी कधी गेलेलो नाही. आमच्या धंद्यात दूरून काम करणं हा गुणच मानतात. पण पत्त्याचा फॉर्म बघा. घर क्रमांक, रस्ता, शहर, पिनकोड असे रकाने त्यात सक्तीचे असतात. पोडावरच्या माणसाने रस्त्याच्या रकान्यात काय लिहावं? ज्याने तो रकाना सक्तीचा केला त्याला आपण काही चूक केली असं कधी कळणारच नाही, कारण त्याला ते सांगू शकणारा माणूस त्या फॉर्मच्या पुढे जाऊच शकत नाही. २०२० मध्ये शाळा बंद होऊन शिक्षण मोबाइलमध्ये गेलं तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर झालं. धडा पोचत होता, निदान जिथे रेंज होती तिथे. पोराच्या चेहऱ्यावरचं न कळणं मात्र परत पोचत नव्हतं. एकतर्फी पोचणाऱ्या गोष्टीला माहिती म्हणता येईल, शिकवणं म्हणता येणार नाही.

हे सगळं शिक्षकावर ढकलून गाव मोकळं होऊ शकत नाही. मुक्कामाला दोन बाजू लागतात. नवे सर गावात खोली शोधायला निघतात तेव्हा घरमालकाचा पहिला प्रश्न 'कुठचे व्हय तुम्ही?' असा असतो आणि दुसरा आडनावाचा. आडनाव ऐकल्यावर कुठे खोली आधीच दिलेली निघते, कुठे घरात दुरुस्ती काढायची असते, कुठे मुलगा येणार असतो. आडनाव दलित असेल, आदिवासी असेल, मुसलमान असेल तर हे ठरलेलंच. मग ते सर यवतमाळला खोली करतात, पहाटे गाडी पकडतात आणि त्याच गावाच्या ग्रामसभेत त्यांच्या अपडाऊनवर ठराव होतो.

धर्मानंद कोसंबींना शेवटी कुठे जागा मिळाली ते यासंदर्भात मला महत्त्वाचं वाटतं. मूळ गाव पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, भिक्षू झाले सिलोनमध्ये, शिकवलं कलकत्ता, पुणे, हार्वर्ड, लेनिनग्राड, अहमदाबाद इथे. आजारी शरीराचा भार कोणावर नको म्हणून अन्न सोडून देह ठेवायचं त्यांनी ठरवलं आणि ४ जून १९४७ रोजी ते गेले ते सेवाग्रामला. राळेगावहून फार लांब नाही. जन्मभर परका राहिलेल्या एका शिक्षकाला शेवटचे दिवस काढायला वऱ्हाडाच्या सीमेवरच्या एका खेड्यात जागा मिळाली. आडनाव विचारून ती दिलेली नव्हती.

तेव्हा मुख्यालयी राहण्याचा ठराव पुढच्या वेळी ग्रामसभेत येईल, त्या दिवशी त्याच्या जोडीला आणखी एक यादी वाचली जावी: गावात नव्या मास्तरांना द्यायला किती खोल्या रिकाम्या आहेत, आणि त्या कोणालाही मिळतील का.